७ ऑक्टोबरचा हल्ला, गुप्तचरांचं अपयश आणि इस्रायलचं राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर हल्ला केला, तेव्हापासून युद्धाबद्दल मराठीत भरपूर लिहून आलं. हा हल्ला होऊच कसा शकला आणि त्याबद्दल इस्रायलमध्ये कोणाला जाब विचारला गेला, याबद्दल मात्र त्रोटकच. ही प्रश्नोत्तरं त्यासाठी आहेत. गाझामध्ये त्यानंतर जो संहार झाला तो स्वतंत्र आणि फार मोठा विषय आहे. इथल्या राजकारणाशी त्याचा थेट संबंध येतो, तेवढ्यापुरताच तो इथे आला आहे.

त्या दिवशी नेमकं काय झालं?

शनिवार होता आणि सिम्हात तोराचा सण. सकाळी साडेसहाच्या सुमारास गाझातून हजारो रॉकेटं सुटली. लोक आसऱ्याच्या खोल्यांकडे पळत असतानाच हमासचे सशस्त्र लोक बुलडोझर, मोटारसायकली, पॅराग्लायडर आणि बोटी घेऊन सीमा ओलांडत होते. बेएरी, नीर ओझ, कफार अझा यांसारख्या किबुत्झांमध्ये (सामूहिक वसाहतींमध्ये) ते घरोघर फिरले. स्देरोतचं पोलीस ठाणं त्यांनी ताब्यात घेतलं. रेइमजवळ नोव्हा नावाचा संगीत महोत्सव रात्रभर चालू होता, तिथे सर्वाधिक माणसं मारली गेली. एकूण सुमारे १,२०० लोक ठार झाले, त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक. २५१ जणांना ओलीस म्हणून गाझात नेलं.

एक तपशील इस्रायली लोक वारंवार सांगतात. नीर ओझमध्ये साधारण चारशे माणसं राहायची. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश मारली गेली किंवा पळवली गेली. लष्कराचे पहिले जवान किबुत्झात शिरले तोवर हल्लेखोर लुटालूट आटोपून परतही गेले होते. ज्या देशाने नागरिकांना सतत सांगितलं की लष्कर काही मिनिटांत तुमच्या दारात असेल, त्या देशात लोक तासन्‌तास दाराचं हँडल आतून घट्ट धरून बसले होते. पुढे जो राजकीय संताप उसळला त्याचं मूळ इथे आहे.

सीमेवर एवढं अत्याधुनिक कुंपण होतं, त्याचं काय झालं?

डिसेंबर २०२१ मध्ये ते पूर्ण झालं होतं. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, खर्च साडेतीन अब्ज शेकेल (इस्रायली चलन). जमिनीखाली संवेदक, वर कॅमेरे, दुरून चालवता येणाऱ्या मशीनगन. हमासने छोट्या ड्रोनमधून स्फोटकं टाकून कॅमेरे आणि मशीनगन निकामी केल्या, नियंत्रण कक्ष आंधळा केला आणि कुंपण कित्येक जागी फोडलं. कुंपणाचा भरवसा होता म्हणून त्यामागे माणसं कमी ठेवली होती. सणामुळे त्यांतलेही बरेच रजेवर होते.

मोसादसारखी संघटना गाफील कशी राहिली?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, कारण मोसादच्या सुरस कथा वाचूनच अनेकांना इस्रायल माहीत झालेला असतो. पण गाझा हा मोसादच्या कामाचा भागच नव्हता. मोसाद परदेशात काम करते. गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावरचे खबरे सांभाळणं, हल्ल्यांची कुणकुण काढणं हे अंतर्गत सुरक्षा पाहणाऱ्या शिन बेटचं काम. लष्करी गुप्तवार्ता 'अमान'कडे. संभाषणं टिपणारी, तंत्रज्ञानासाठी जगभर नावाजलेली ८२०० ही तुकडी याच अमानची. अपयश आलं ते शिन बेट आणि अमान या दोघांना, आणि त्यांचं ऐकून निर्णय घेणाऱ्या लष्कराला आणि सरकारला.

म्हणजे आधी काहीच सुगावा लागला नव्हता?

लागला होता. म्हणूनच ही गोष्ट इतकी जिव्हारी लागते.

हमासच्या हल्ल्याचा आराखडा इस्रायलच्या हाती एक वर्षाहून अधिक काळ आधी आला होता. सुमारे चाळीस पानांच्या त्या दस्तऐवजाला इस्रायली अधिकाऱ्यांनी 'जेरिकोची भिंत' असं सांकेतिक नाव दिलं होतं. आधी रॉकेटांचा मारा, मग ड्रोनने कॅमेरे फोडणं, मग पॅराग्लायडर, मोटारसायकली आणि पायी अशी घुसखोरी, लष्करी तळांवर कब्जा: जवळपास जे घडलं तेच त्यात लिहिलेलं होतं. अधिकाऱ्यांनी तो वाचला, आणि एवढं करण्याची हमासची कुवत नाही, ही त्यांची मनीषा असेल, असं ठरवून बाजूला ठेवला. जुलै २०२३ मध्ये ८२०० मधल्या एका अनुभवी महिला विश्लेषकाने कळवलं की हमासने नुकताच केलेला सराव या आराखड्याशी तंतोतंत जुळतो. वरच्या अधिकाऱ्याने तिच्या कामाचं कौतुक केलं आणि हे सगळं काल्पनिक आहे असं उत्तर दिलं.

त्याच्याही आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, तेव्हाचे संरक्षणमंत्री अविग्दोर लिबरमन यांनी सरकारला एक गुप्त टिपण दिलं होतं. हमास कुंपण फोडून शेजारच्या वस्त्यांमध्ये शिरेल आणि माणसं ओलीस धरेल, असा इशारा त्यात होता.

तेव्हा 'माहिती नव्हती' हे उत्तर इथे चालत नाही. माहिती होती, तिच्यावर विश्वास ठेवायची तयारी नव्हती.

नाहाल ओझच्या निरीक्षक मुलींबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण इशारा कोण देतं आणि तो कोण उडवून लावतं, हे त्यांच्या बाबतीत उघड्या डोळ्यांनी दिसलं.

नाहाल ओझचा तळ गाझाच्या सीमेपासून एक किलोमीटरच्याही आत आहे. तिथे अठरा-एकोणीस-वीस वर्षांच्या, सक्तीची लष्करी सेवा करणाऱ्या मुली पडद्यासमोर बसून सीमेचा आपापला पट्टा पाहायच्या. पाळीच्या वेळात नजर हलवायची नाही, असा नियम. रोज तोच पट्टा पाहिल्याने कोणता शेतकरी किती वाजता येतो, कोणत्या रस्त्यावर कोणती गाडी नेहमीची, हे त्यांना पाठ झालेलं असायचं. २०२३ च्या उन्हाळ्यापासून त्या कळवत होत्या: कुंपणाच्या आणि रणगाड्यांच्या प्रतिकृती उभारून सराव चाललाय, नकाशे घेतलेली अनोळखी माणसं कुंपणाजवळ येऊन उभी राहतात. तुम्ही डोळे आहात, डोकं चालवायचं काम तुमचं नाही, अशा अर्थाचं त्यांना ऐकवलं गेलं, असं वाचलेल्या मुलींनी आणि मारल्या गेलेल्यांच्या पालकांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

७ ऑक्टोबरला त्यांच्याजवळ हत्यार नव्हतं. त्या तळावर ५३ सैनिक मारले गेले, त्यांत या निरीक्षकांपैकी पंधरा-सोळा जणी होत्या. सात जणींना पळवून नेलं. त्यांतली एक महिनाभरात लष्कराने सोडवली, एक कैदेत मारली गेली, उरलेल्या पाच जणी जानेवारी २०२५ मध्ये युद्धविरामाच्या करारातून परतल्या. या मुलींच्या आईवडिलांनी संसदेच्या समित्यांसमोर उभं राहून जे प्रश्न विचारले, त्यांची सरळ उत्तरं कोणत्याही मंत्र्याने दिलेली नाहीत.

आदल्या रात्री काही समजलं नव्हतं का?

हमासच्या काही लोकांकडची डझनावारी इस्रायली सिमकार्डं रात्री एकाएकी चालू झाल्याचं शिन बेटच्या लक्षात आलं. पहाटे लष्करप्रमुख हर्झी हालेवी आणि शिन बेटचे प्रमुख रोनेन बार यांनी सल्लामसलत केली. असंच पूर्वीही घडलं होतं आणि त्यातून काही निष्पन्न झालं नव्हतं. सराव असेल, फार तर छोटी घुसखोरी असेल, असा अंदाज निघाला. एक लहानसं विशेष पथक दक्षिणेला पाठवलं आणि बाकीचं सकाळी पाहू असं ठरलं. पंतप्रधान नेतान्याहूंना त्या वेळी उठवलं गेलं नाही. सीमेपासून पाचेक किलोमीटरवर हजारो तरुण नाचत होते, त्यांना घरी जा म्हणून कोणी सांगितलं नाही.

यात राजकीय धोरणाचा भाग किती?

मोठा. आणि याच मुद्द्यावर आजही सर्वांत कडवट भांडण चालतं.

हमासला गाझाचा कारभार चालवण्यात रस आहे, पैसा आणि कामाचे परवाने मिळत राहिले तर तो युद्ध ओढवून घेणार नाही, ही समजूत कित्येक वर्षं सरकार, लष्कर आणि गुप्तचर यंत्रणा या सगळ्यांनी मिळून जोपासली. २०१८ पासून कतारचा पैसा इस्रायलच्या संमतीने गाझात जात होता. सुरुवातीला तर दरमहा दीड कोटी डॉलरच्या आसपास रोकड सुटकेसमधून जायची. हमास गाझात आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण पश्चिम किनाऱ्यावर अशी फूट राहिली की स्वतंत्र पॅलेस्टाइनची चर्चाच उद्भवत नाही, हे उजव्या आघाडीतल्या अनेकांना सोयीचं होतं. आजचे अर्थमंत्री बेझालेल स्मोत्रिच यांनी २०१५ मध्येच म्हटलं होतं की प्राधिकरण हे ओझं आहे आणि हमास ही जमेची बाजू. हे वाक्य आता त्यांचा पिच्छा सोडत नाही, आणि सोडूही नये.

दुसरा भाग २०२३ चा. त्या वर्षी नेतान्याहू सरकारने न्यायव्यवस्थेचे अधिकार कापणारे कायदे आणले आणि जानेवारीपासून दर शनिवारी रात्री लाखो लोक रस्त्यावर उतरले. हवाई दलाच्या राखीव वैमानिकांनीही सेवेला येणार नाही असं जाहीर केलं. मार्चमध्ये संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांनी या फुटीमुळे देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं उघड सांगितलं. नेतान्याहूंनी त्यांना बडतर्फ केलं, आणि त्याच रात्री उसळलेल्या निदर्शनांमुळे निर्णय मागे घ्यावा लागला. शत्रूला आपण कमकुवत दिसतो आहोत, असं सांगणारी पत्रंही अमानने पंतप्रधानांना पाठवली होती. सरकारसमर्थक याच घटनांकडे बोट दाखवून उलटं म्हणतात: सेवेला नकार देणाऱ्यांनीच देश दुबळा केला. माझ्या मते हा युक्तिवाद टिकत नाही, कारण हल्ल्याच्या सकाळी तेच राखीव सैनिक बोलावणं येण्याआधी गाड्या काढून दक्षिणेकडे निघाले होते.

पहिल्या काही दिवसांत नेत्यांनी काय म्हटलं?

लष्करी अधिकारी लवकर बोलले. लष्करप्रमुख हालेवी यांनी पाचव्या-सहाव्या दिवशीच सांगितलं की देशाचं रक्षण ही लष्कराची जबाबदारी होती आणि शनिवारी सकाळी आम्ही ती पार पाडू शकलो नाही. मग रोनेन बार यांनी आणि अमानचे प्रमुख आहरोन हलिवा यांनी आपापल्या माणसांना पत्रं लिहून दोष स्वतःकडे घेतला. मंत्र्यांपैकी शिक्षणमंत्री योआव किश यांनी सरकारची जबाबदारी मान्य केली आणि आम्ही भलत्याच फालतू गोष्टींत गुंतलो होतो अशी कबुली दिली. माहितीमंत्री गालित दिस्तेल-अतबारयान यांनी आठवड्याच्या आत पद सोडलं.

बाकी मंत्री लोकांसमोर यायलाच कचरत होते. पर्यावरणमंत्री इदित सिलमान जखमींना भेटायला एका रुग्णालयात गेल्या, तर दारातच लोकांनी त्यांना अडवलं. तुम्ही देशाचं वाटोळं केलंत, चालत्या व्हा, असा आरडाओरडा झाला आणि त्यांना मागे फिरावं लागलं. अर्थकारण मंत्री नीर बरकत यांच्याही वाट्याला असाच प्रसंग आला. युद्ध चालू असताना इस्रायली लोक सहसा सरकारच्या मागे उभे राहतात. या वेळी ते लष्कराच्या मागे राहिले, सरकारच्या नाही.

नेतान्याहूंनी कधी जबाबदारी स्वीकारली का?

'सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतील, मलाही, पण युद्धानंतर,' इथपर्यंत ते आले, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस. त्यापुढे गेले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांतच, २९ ऑक्टोबरला, जमिनीवरची कारवाई नुकतीच सुरू झालेली असताना, रात्री एक वाजून गेल्यावर त्यांच्या खात्यावरून एक पोस्ट आली. हमासचा युद्धाचा इरादा आहे असा इशारा मला कधीही, कोणत्याही टप्प्यावर मिळाला नाही. उलट अमान आणि शिन बेटच्या प्रमुखांसह सगळ्या सुरक्षा यंत्रणा हमासला जरब बसली आहे असंच सांगत होत्या, असा तिचा मजकूर. सैनिक गाझात शिरत असताना पंतप्रधान त्यांच्याच सेनापतींवर खापर फोडत होते. युद्ध मंत्रिमंडळातले त्यांचे सहकारी बेनी गँट्झ यांनी सकाळी जाहीरपणे ती मागे घ्यायला सांगितलं. पोस्ट काढली गेली आणि नेतान्याहूंनी माफी मागितली, माझं चुकलं असं लिहिलं. ती माफी पोस्टबद्दल होती, ७ ऑक्टोबरबद्दल नव्हती.

त्या महिन्यात 'मारीव' वृत्तपत्राने घेतलेल्या जनमत चाचणीत ८० टक्के लोकांनी नेतान्याहूंनी जाहीरपणे जबाबदारी घ्यावी असं मत दिलं होतं, आणि त्यांत त्यांच्या लिकुड पक्षाचे मतदारही बहुसंख्येने होते.

विरोधी पक्षांनी काय केलं?

गँट्झ ११ ऑक्टोबरला आणीबाणीच्या सरकारात गेले. नेतान्याहू, गॅलंट आणि गँट्झ असं छोटं युद्ध मंत्रिमंडळ बनलं. विरोधी पक्षनेते याइर लापिद यांनी कट्टर उजवे मंत्री इतामार बेन-ग्वीर आणि स्मोत्रिच यांना बाजूला ठेवण्याची अट घातली, ती मान्य झाली नाही आणि ते बाहेरच राहिले. गँट्झ ९ जून २०२४ ला बाहेर पडले. गॅलंट यांना नेतान्याहूंनी ५ नोव्हेंबर २०२४ ला दुसऱ्यांदा, आणि या वेळी कायमचं, काढलं. तेव्हा गॅलंट यांनी मतभेदाची जी तीन कारणं सांगितली त्यांत एक होतं ७ ऑक्टोबरच्या राज्यस्तरीय चौकशी आयोगाची मागणी.

मग शेवटी खुर्ची कोणाची गेली?

गणवेशातल्यांची. हलिवा यांनी एप्रिल २०२४ मध्ये राजीनामा दिला, वरिष्ठांमधले ते पहिले. गाझा विभागाचे प्रमुख आवी रोझेनफेल्ड जूनमध्ये गेले, ८२०० चे प्रमुख योसी सारिएल सप्टेंबरमध्ये. जानेवारी २०२५ मध्ये हालेवी आणि दक्षिण विभागाचे प्रमुख यारोन फिंकेलमन यांनी राजीनामे जाहीर केले. मार्चमध्ये एयाल झमीर लष्करप्रमुख झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये झमीर यांनी आधीच निवृत्त झालेल्या काही जनरलना राखीव सेवेतूनही काढून टाकलं.

रोनेन बार यांचं प्रकरण वेगळं आहे. मार्च २०२५ च्या सुरुवातीला शिन बेटने आपला चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या चुका होत्याच, पण कतारी पैसा आणि सरकारचं धोरण यांचाही उल्लेख होता. त्या महिन्यात मंत्रिमंडळाने बार यांना बडतर्फ केलं. त्या काळात शिन बेट पंतप्रधान कार्यालयातल्या लोकांच्या कतारशी असलेल्या कथित संबंधांचा तपासही करत होती. सर्वोच्च न्यायालयाने आधी बडतर्फी रोखली आणि मेमध्ये ती बेकायदा ठरवली. बार जूनमध्ये स्वतःहून पायउतार झाले.

लष्कराचा अहवाल फेब्रुवारी २०२५ मध्ये आला होता. इस्रायली नागरिकांच्या रक्षणाच्या कामात लष्कर अपयशी ठरलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. राजकीय नेतृत्वाबद्दल लिहिणं लष्कराच्या कक्षेत बसत नाही. ती बाजू तपासणारं कोणी नेमलंच गेलेलं नाही.

१९७३ मध्येही असंच झालं होतं ना?

बरंचसं, म्हणून तर इस्रायलमध्ये प्रत्येक चर्चा तिथे जाऊन पोचते. ६ ऑक्टोबर १९७३, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र सणाचा दिवस, दुपारी दोन वाजता इजिप्त आणि सीरियाने एकाच वेळी हल्ला केला. ७ ऑक्टोबर २०२३ ही त्या हल्ल्याला पन्नास वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख.

तेव्हाही अमानच्या प्रमुखांची, एली झेइरा यांची, ठाम समजूत होती की लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळेपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही. तेव्हाही इशारे आले होते. जॉर्डनचे राजे हुसेन २५ सप्टेंबरला स्वतः येऊन पंतप्रधान गोल्डा मेयर यांना सांगून गेले. इजिप्तचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष नासर यांचा जावई अश्रफ मारवान याने हल्ल्याच्या आदल्या रात्री लंडनमध्ये मोसादच्या प्रमुखांना भेटून उद्याच युद्ध आहे असं कळवलं. आणि तेव्हाही सगळ्यांत नेमकं ज्याने ओळखलं तो एक कनिष्ठ अधिकारी होता. दक्षिण विभागातल्या बेन्यामिन सिमान-तोव नावाच्या लेफ्टनंटने ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवसांत लिहून दिलं की इजिप्तचा 'सराव' हा युद्धाचा बुरखा आहे. त्याच्या वरिष्ठाने ते टिपण पुढे पाठवलंच नाही. अडीच हजारांहून अधिक इस्रायली सैनिक त्या युद्धात मेले.

फरक पडतो तो पुढे. युद्ध थांबल्यावर महिन्याभरात, नोव्हेंबर १९७३ मध्ये, सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष शिमोन अग्रानात यांचा आयोग नेमला. एप्रिल १९७४ च्या सुरुवातीला त्याचा अंतरिम अहवाल आला. त्याने झेइरा, लष्करप्रमुख दाविद एलाझार आणि दक्षिण विभागाचे श्मुएल गोनेन यांच्यावर ठपका ठेवला. पंतप्रधान गोल्डा मेयर आणि संरक्षणमंत्री मोशे दायान यांना मात्र सोडून दिलं.

लोकांना ते पटलं नाही. सुएझ कालव्यावरच्या 'बुडापेस्ट' ठाण्याचा राखीव अधिकारी मोत्ती अश्कनाझी फेब्रुवारीतच पंतप्रधान कार्यालयासमोर एकटा फलक घेऊन बसला होता. अहवालानंतर त्याच्यामागे हजारो लोक उभे राहिले. आयोगाने निर्दोष ठरवलेल्या गोल्डा मेयर यांनी ११ एप्रिलला राजीनामा दिला. डिसेंबरची निवडणूक त्यांनी जिंकलेली होती, तरीही. आणि तिथेही हिशेब पुरा झाला नाही, १९७७ मध्ये मेनाखेम बेगिन यांच्या लिकुडने मजूर पक्षाची जवळपास तीन दशकांची सत्ता उलथवली.

आज नेतान्याहू ज्या पक्षाचे प्रमुख आहेत तो १९७३ च्या गाफीलपणावर सरकारला धारेवर धरतच सत्तेपर्यंत पोचला होता.

चौकशी आयोगावरून एवढी रस्सीखेच कशासाठी?

कारण आयोगाचे सदस्य कोण निवडतं, यावर सगळं अवलंबून आहे.

इस्रायलच्या १९६८ च्या कायद्यानुसार राज्य चौकशी आयोग नेमायचा की नाही हे सरकार ठरवतं. पण एकदा ठरलं की सदस्य निवडतात सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष, आणि आयोगाचा प्रमुख न्यायाधीश असतो. आयोग साक्षीदारांना हजर राहायला भाग पाडू शकतो, कागदपत्रं मागवू शकतो, व्यक्तीविरुद्ध शिफारस करू शकतो. १९८२ च्या लेबनॉनमधल्या सब्रा-शतिला हत्याकांडानंतर बसलेल्या काहान आयोगामुळे आरिएल शारोन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं होतं. म्हणजे या आयोगाला दात आहेत.

नेतान्याहू आधी म्हणत होते, युद्ध संपू दे. नंतर म्हणू लागले, निम्म्या जनतेचा सर्वोच्च न्यायालयावर विश्वास नाही, तेव्हा त्याच्या अध्यक्षांनी नेमलेला आयोग एकतर्फी असेल. सध्याचे अध्यक्ष यित्झाक अमित यांना तर न्यायमंत्री यारिव लेविन अध्यक्ष म्हणून मान्यच करत नाहीत. न्यायालयात याचिका गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने राज्य आयोगाऐवजी 'स्वतंत्र' आयोग नेमायचं ठरवलं. त्याची कार्यकक्षा ठरवणार मंत्र्यांचा गट, म्हणजे ज्यांची चौकशी व्हायची तेच. डिसेंबरमध्ये त्यासाठी एक विधेयक नेसेटमध्ये (संसदेत) प्राथमिक वाचनात मंजूर झालं. त्यात सदस्यांची निवड राजकारण्यांच्या हाती दिली आहे. मृतांच्या नातेवाइकांनी गॅलरीत आणि बाहेर निषेध केला. त्यांच्या 'ऑक्टोबर कौन्सिल' या संघटनेची मागणी पहिल्यापासून एकच आहे: पूर्ण अधिकारांचा राज्य आयोग. त्याची वाट न पाहता काही कुटुंबांनी मिळून एक नागरी आयोगही बसवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने आपला अहवाल दिला, नेतान्याहूंसह सगळ्यांना जबाबदार धरलं. पण त्याला कोणाला बोलावण्याचा अधिकार नव्हता, आणि मंत्री त्याच्यासमोर गेले नाहीत.

घोंगडं असं भिजत पडल्यामुळे आठवणी पुसट होतात, कागद गहाळ होतात, साक्षीदार पांगतात. ज्यांची लेकरं गेली त्यांना हे कळतं, म्हणून ते थांबायला तयार नाहीत.

हल्ला जाणूनबुजून होऊ दिला, असं म्हणतात. खरं आहे का?

या दाव्याला पुरावा नाही. हा तर्क दोन्ही टोकांना लोकप्रिय आहे: इस्रायलबाहेर सरकारनेच घडवून आणलं म्हणून, आणि इस्रायलमध्ये नेतान्याहूंच्या काही समर्थकांत लष्करातल्या कोणीतरी 'आतून दगाफटका' केला म्हणून. हाती असलेले सगळे अहवाल अहंकार, आळसलेली विचारपद्धती आणि कनिष्ठांचं न ऐकण्याची सवय याच दिशेने जातात. कटाची गोष्ट सांगितली की धोरण ठरवणारे आपोआप सुटतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

भारतात आणि महाराष्ट्रात काय पडसाद उमटले?

पंतप्रधान मोदींनी त्याच दिवशी या दहशतवादी हल्ल्याचा धक्का बसला असून आम्ही इस्रायलसोबत आहोत असं म्हटलं. पाच दिवसांनी परराष्ट्र मंत्रालयाने स्वतंत्र पॅलेस्टाइनला पाठिंबा ही जुनी भूमिका कायम असल्याचं सांगितलं. ९ ऑक्टोबरच्या काँग्रेस कार्यकारिणीच्या ठरावात पॅलेस्टिनींच्या हक्कांना पाठिंबा होता, त्यावरून भाजपने टीका केली. महाराष्ट्रात शरद पवार यांनी ती भूमी मुळात पॅलेस्टिनींची आहे आणि नेहरूंपासून वाजपेयींपर्यंत भारताची भूमिका हीच होती असं म्हटल्यावर पीयूष गोयल यांनी त्यांच्यावर तोफ डागली. २७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या मतदानात भारत तटस्थ राहिला, डिसेंबरमध्ये युद्धविरामाच्या बाजूने मत दिलं. आपल्याकडच्या या वादात इस्रायलच्या गुप्तचर अपयशाची चर्चा जवळपास झालीच नाही. बाजू कोणती घ्यायची यातच सगळे अडकले.

२६/११ शी तुलना योग्य आहे का?

हल्ल्याच्या आकाराबद्दल नाही, जबाबदारीबद्दल आहे. २६/११ नंतर दहा दिवसांच्या आत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख पायउतार झाले. चौकशीच्या बाबतीत मात्र आपण मिरवावं असं काही नाही. राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीची कक्षा मुंबई पोलिसांच्या प्रतिसादापुरती होती, केंद्रीय यंत्रणांना ती प्रश्न विचारू शकत नव्हती. समुद्रमार्गे येणाऱ्या हल्ल्याचे इशारे दिल्लीत कुठे अडले याची देशपातळीवर खुली चौकशी झालीच नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती युद्ध संपल्यावर तीन दिवसांत बसली होती आणि तिचा अहवाल बऱ्याच अंशी प्रसिद्धही झाला, ते उदाहरण जास्त चांगलं.

तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं काय?

कोकणातून, मुख्यतः रायगडच्या पट्ट्यातून आणि मुंबईतून गेलेले बेने इस्रायली अश्दोद, बीरशेबा, दिमोना, किर्यात गात अशा दक्षिणेकडच्या गावांत मोठ्या संख्येने आहेत. १९५०-६० च्या दशकांत नव्याने आलेल्यांना सरकारने दक्षिणेतल्या अशाच नव्या वस्त्यांत पाठवलं होतं. त्यामुळे रॉकेटांचा मारा त्यांच्या घरांवरही झाला, आणि ७ ऑक्टोबरला कर्तव्यावर असताना मारल्या गेलेल्यांत भारतीय वंशाच्या तरुणी होत्या. राजकीयदृष्ट्या ही दक्षिणेची गावं लिकुडचा जुना बालेकिल्ला. म्हणजे ज्यांनी सरकार निवडलं त्यांच्याच अंगणात ते कमी पडलं, हा प्रश्न तिथल्या घराघरांत आहे.

आता पुढे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला आणि १३ ऑक्टोबरला शेवटचे वीस जिवंत ओलीस परतले. म्हणजे 'युद्धानंतर पाहू' हे कारण त्या दिवशी संपलं. नेसेटची निवडणूक कायद्यानुसार ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीपर्यंत व्हायला हवी. लापिद आणि माजी पंतप्रधान नफ्ताली बेनेट यांनी सत्तेत आल्यास राज्य चौकशी आयोग नेमण्याचं आश्वासन दिलं आहे. हे दोघंही २०२१-२२ मध्ये एकामागोमाग पंतप्रधान होते, आणि हमासबद्दलची तीच समजूत तेव्हाही चालू होती. त्यामुळे आयोग बसला तर साक्षीला त्यांनाही जावं लागेल.